हरिश्चंद्रगडावर मुक्काम : वाटांचा विचार



सुटीचे दोन दिवस सह्याद्रीच्या डोंगरांत घालवावेत, एखादी रात्र पठारावर उघड्या आकाशाखालीं काढावी, असें पुष्कळांना वाटतें. आणि तें वाटणें योग्यच आहे. परंतु अशा मुक्कामाची आखणी करतांना आपण बहुधा शिदोरी, अंथरूण आणि सोबती यांचाच विचार करतों. वाटेचा विचार मात्र ‘तेथें गेल्यावर पाहूं’ एवढ्या तीन शब्दांत आटोपतों. एका डोंगराला अनेक वाटा असल्या म्हणजे त्यांतून निवड कशी करावी, आणि हाताशीं राखलेल्या दुसऱ्या वाटेचा खरा उपयोग कोणता, हें आज मी हरिश्चंद्रगडाच्या उदाहरणानें सांगणार आहें.

हरिश्चंद्रगड म्हणजे एखादा सुटा सुळका नव्हे; तें एक विस्तीर्ण पठार आहे. पुणें, ठाणें आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमा त्याच्या आसपास एकत्र येतात. पठारावरचें तारामतीचें शिखर १,४०० मीटरांहून उंच आहे. त्याच्या पायथ्याशीं हरिश्चंद्रेश्वराचें मंदिर, पुष्करिणी आणि लेणीं आहेत. जवळच केदारेश्वराची गुहा. तेथें गार पाण्यांत भलें मोठें शिवलिंग उभें असून भोंवतालच्या चार खांबांपैकीं एकच अखंड उरला आहे. पश्चिमेला पठार एकाएकीं तुटतें आणि अर्ध्या वाटीसारखा आंत वळलेला कोंकणकडा दृष्टीस पडतो. याच गडावर कर्नल साइक्स यांनीं धुक्यावर उमटलेलें वर्तुळाकार इंद्रधनुष्य व त्यांतील स्वतःची सांवली पाहिली. त्यांची ती हकीकत १८३५ सालीं छापून प्रसिद्ध झाली.

येथें येण्याच्या मुख्य वाटा अशा. अकोलें तालुक्यांतील पाचनई गांवाहून निघालेली वाट सर्वांत जवळची व सोपी. कातळकड्याच्या पोटाखालून ती ओढ्याच्या सोबतीनें वर चढते आणि दोन-तीन तासांत मंदिरापाशीं पोंचविते. दुसरी वाट जुन्नर तालुक्यांतील खिरेश्वराहून. ती प्रथम टोलारखिंडींत येते, मग कठड्यांच्या आधारानें कातळ चढते आणि पुढें पठारावरच्या टेकाडांवरून खालींवर होत जाते. तिला चार-पांच तास हवेत. तिसरा प्रकार कोंकणांतील बेलपाडा गांवाहून येणाऱ्या वाटांचा. साधले घाट हा खड्या चढाचा. आणि नळीची वाट तर कोंकणकड्याच्या कुशींतील घळींतून कातळटप्पे चढत येते. तिच्यासाठीं उगवतीपासून मावळतीपर्यंतचा दिवस, दोर आणि जाणता माणूस हीं तिन्ही हवींत.

नकाशावर या वाटा पाहिल्या कीं मनांत सहज येतें, एका अंगानें चढावें आणि दुसऱ्या अंगानें उतरावें. आम्हांलाही तसेंच वाटलें. कांहीं वर्षांपूर्वीं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही सहा जण निघालों. खिरेश्वराहून चढायचें, गुहेंत रात्र काढायची आणि दुसरे दिवशीं साधले घाटानें बेलपाड्याला उतरायचें, असा बेत होता. तेथें एका मित्राचा धाकटा भाऊ गाडी घेऊन दुपारीं दोनपासून वाट पाहणार होता.

रात्रीं परतीच्या पावसानें गांठलें. विजा, वारा आणि मंदिरासमोरून धांवणारें गढूळ पाणी! पहाटे पाऊस थांबला, परंतु धुकें हललें नाहीं. गडावर यात्रेकरूंना भाकरी-पिठलें करून घालणारा पाचनईचा एक तरुण आम्हांला म्हणाला, “दादा, आज साधल्यानं नगा उतरू. रात्री दगड सुटल्याचा आवाज येत व्हता. आमच्या वाटेनं जावा.”

त्याचें म्हणणें बरोबर आहे, हें आम्हां साऱ्यांना कळत होतें. तरीही आम्ही तासभर वाद घातला. याचें कारण एकच, गाडी बेलपाड्याला उभी होती! चालणाऱ्याची वाट त्याचे पाय ठरवीत नव्हते, आभाळ ठरवीत नव्हतें; ती एक मोटार ठरवीत होती. अखेर सुबुद्धि सुचली. आम्ही पाचनईच्या वाटेनें उतरलों आणि दुपारच्या आंत सुखरूप गांवांत पोंचलों.

येथें गोष्ट संपली असें आम्हांला वाटलें. पण ती येथेंच सुरू झाली. डोंगराची बाजू बदलली म्हणजे जिल्हा बदलतो. पाचनईहून बेलपाड्याला जावयाचें तर कोतूळ-ओतूरकडून मोठा वळसा घेऊन माळशेज घाट उतरावा लागतो. भ्रमणध्वनि आम्हां सहांजणांच्याही खिशांत होते, पण त्यांना संदेशच मिळत नव्हता. वाहन मिळून राजूरला पोंचेपर्यंत संध्याकाळ झाली. तेथून घरीं निरोप गेला; बेलपाड्याला मात्र गेला नाहीं, कारण तेथेंही तीच अडचण.

तिकडे तो मुलगा दिवस मावळेपर्यंत थांबला. मग त्यानें गांवकऱ्यांना सांगितलें, आणि चार माणसें विजेऱ्या घेऊन ओल्या घाटांत आम्हांला हांका मारीत वर गेलीं. ज्या वाटेवर दिवसा पाय ठेवावयास आम्ही धजलों नाहीं, तिच्यावर परकीं माणसें रात्रीं आमच्यासाठीं चढलीं! आम्ही बेलपाड्याला पोंचलों तेव्हां मध्यरात्र उलटून गेली होती. तीं चौघें नुकतींच परतलीं होतीं. एकाचें कोपर सोलवटलें होतें. त्यानें आम्हांला एक शब्दही विचारला नाहीं. आंत जाऊन चहा ठेवावयास सांगितलें. तो चहा घशाखालीं उतरवणें गड उतरण्याहून कठीण गेलें.

त्या रात्रीपासून मी जे नियम पाळतों, ते थोडे आहेत. पहिला असा कीं, दुसरी वाट ही साहसाची हौस भागविण्यासाठीं नसून माघारीसाठीं असते. म्हणून ती नेहमीं पहिलीपेक्षां सोपी असावी. अवघड वाटेनें चढावें आणि सोप्या वाटेनें उतरावें. न पाहिलेली वाट उतरणीला कधीं घेऊं नये. दुसरा नियम वेळेचा. निर्णयाचें ठिकाण आणि घटका घरींच ठरवावी. उदाहरणार्थ, दुपारीं बारापर्यंत टोलारखिंड गांठली नाहीं तर परत फिरावें. हिंवाळ्यांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हें विसरूं नये.

तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या बेताचे दोन्ही भाग कागदावर लिहून एक प्रत घरीं, एक वाहन घेऊन थांबणाऱ्याजवळ आणि एक पायथ्याच्या गांवांत ठेवावी. अमुक वाजेपर्यंत आम्ही येथें उतरलों नाहीं तर अमुक गांवीं उतरलों असें समजावें व तेथें चौकशी करावी. तेथेंही नसलों तरच शोध सुरू करावा, आणि तोही उजेडीं, हें त्यांत स्पष्ट असावें. हा सारा प्रदेश १९८६ पासून अभयारण्य आहे. तेव्हां मुक्कामाविषयीं वनखात्याचे नियम काय आहेत, याची चौकशी निघण्यापूर्वींच करावी.

पुढच्या हिंवाळ्यांत आम्ही पुन्हा गडावर गेलों. कोंकणकड्यावर बसून मावळता सूर्य पाहिला. खालीं बेलपाड्याचे दिवे एकामागून एक लागत होते. त्यांपैकीं एका घरांत आमचा कागद भिंतीला टांचलेला होता. त्या रात्रीं झोंप फार चांगली लागली.