आमचीच तुळई

बी. ए.ला असताना इंग्रजी कवितांत ‘यू’ नावाचं एक झाड पुन्हा पुन्हा भेटायचं. चर्चच्या दफनभूमीत उभं असलेलं, सदाहरित, विषारी पानांचं. पुढे कळलं, की त्याच्या लवचीक लाकडापासून इंग्रज तिरंदाजांची पुरुषभर उंचीची धनुष्यं होत. मागणी एवढी वाढली, की १४७२ साली कायदाच झाला. इंग्लंडमध्ये माल आणणाऱ्या जहाजांनी दर टनामागे धनुष्यांसाठी चार काठ्या आणायच्या! त्या हव्यासापायी युरोपातली यूची रानं विरळ झाली. लाकूड चांगलं निघालं, हाच त्या झाडाचा गुन्हा.

आपल्याकडे हा गुन्हा सागाने केला. सागाच्या लाकडात तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. त्यात ठोकलेला खिळा ओकच्या लाकडातल्यासारखा लवकर गंजत नाही. त्यामुळे घरबांधणाऱ्याला साग हवा आणि जहाजबांधणाऱ्यालाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात भडोचहून इराणी आखाताकडे जाणाऱ्या मालात सागाचं लाकूड आहे. त्याच ग्रंथात आमच्या सोपाऱ्याचंही नाव आहे. अरबीत सागाला ‘साज’ म्हणतात. लाकडाबरोबर शब्दही समुद्र ओलांडून गेला.

इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला, तेव्हा आरमाराची नजर आपल्या सागाकडे वळली. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी १८१७ साली बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे युद्धजहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. त्याचा साग मलबारचा. तिथली रानं ओसरली, तेव्हा १८४०च्या दशकात कॉनोली नावाच्या कलेक्टरला निलंबूरला सागाची मुद्दाम लागवड करावी लागली.

हे सगळं मी पुस्तकांत वाचलं होतं. घरातल्या सागाकडे मात्र कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

वसईतलं आमचं जुनं घर आम्ही भावांनी इमारतीसाठी दिलं. करारात एक ओळ होती, ‘मलबा ठेकेदाराचा’. मलबा म्हणजे विटा-माती, असं समजून आम्ही सह्या केल्या. घर पाडायच्या दिवशी टेम्पोत आधी चढल्या त्या तुळया! आजोबांनी बैलगाडीतून आणलेल्या, अब्बा दर दिवाळीच्या सुटीत तेलपाणी करायचे त्या. मी ठेकेदाराला अडवलं. त्याने शांतपणे करार दाखवला. चूक त्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या लाकडाच्या वखारीत गेलो आणि आमचीच एक तुळई पैसे मोजून विकत घेतली. व्यापाऱ्याने घासाघीस करू दिली नाही. म्हणाला, “चाचा, असा माल आता रानात कुठे मिळतो?”

ओळखीच्या सुताराने ती चिरली. पटाशीला दोनदा धार लावावी लागली; सागात वाळूचा अंश असतो, तो हत्यार बोथट करतो. रंधा फिरला तसा वरचा काळा थर गेला आणि आतून सोनेरी लाकूड निघालं. वर्षानुवर्षं धूर खाल्लेल्या त्या लाकडाला नव्या सागासारखाच वास होता. एका तुकड्याची त्याने रेहाल केली. कुराण ठेवायची ही घडवंची एकाच फळीतून कोरतात. मधल्या दात्यांवर ती उघडते, मिटते. खिळा नाही, बिजागरी नाही.

रेहालीच्या एका पाकळीवर बोटभर भोक आहे. सुतार ते बुजवणार होता. मी नको म्हटलं. तिथे आमच्या पाळण्याची कडी होती. आम्ही चारही भावंडं तिच्याखाली झोपलो आहोत.

बाकीच्या तुळया कुठे गेल्या, ठाऊक नाही. कुणाच्या तरी दाराची चौकट झाल्या असतील, तर बरंच आहे. एकदा तोडलेलं झाड परत उभं करता येत नाही. त्याचं लाकूड मात्र आणखी दोन पिढ्या वापरता येतं. तुमच्यापैकी कुणी जुनं घर पाडायला देत असाल, तर सही करण्याआधी मलब्याची ओळ वाचा. आणि त्याहीआधी एकदा मान वर करून आढ्याकडे पाहा.