गुडघ्याची गादी आणि प्रतिध्वनी
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



मी विज्ञानाचा शिक्षक आहे, वैद्य नव्हे. तेव्हा औषधे सांगण्याच्या भरीस मी पडणार नाही. आज गुडघेदुखीवर बोलावेसे वाटले ते माझ्या अम्मीमुळे. नमाजात सजद्यातून उठताना तिचा गुडघा प्रथम दुखला तेव्हा ती 52 वर्षांची होती. आम्ही एक्स-रे काढविला. हाडे चांगली आहेत असे उत्तर मिळाले, आणि ते खरेही होते. त्या उत्तरावर आम्ही 6 वर्षे निश्चिंत बसलो. ती खुर्चीवर बसून नमाज पढू लागली तेव्हा कोठे आमचे डोळे उघडले.

चूक एक्स-रेची नव्हती, आमच्या समजुतीची होती. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, जिला आपण घरी ‘गादी’ म्हणतो, ती साध्या एक्स-रेत उमटतच नाही. दोन हाडांमधील अंतर घटलेले दिसले की ती झिजली असे अनुमान करावयाचे. म्हणजे चोर घर धुऊन गेल्यावर पंचनामा! शिवाय कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि ज्ञानतंतूही नाहीत. ती झिजताना ओरडत नाही, आणि झिजल्यावर पूर्ववत भरूनही येत नाही. दुखते ते भोवतालचे हाड आणि सांध्याचे अस्तर, आणि तेही पुष्कळदा उशिरा.

येथे ध्वनी उपयोगी पडतो. विहिरीत हाक मारली की ती परत येते, हे तत्त्व मुलेही जाणतात. कानाला ऐकू न येणारा सूक्ष्म ध्वनी उत्पन्न करणाऱ्या स्फटिकांचा गुण क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये शोधला. ग्लासगोच्या इयान डोनल्ड यांनी 1958 मध्ये अशा ध्वनीने घेतलेली पोटातील चित्रे प्रसिद्ध केली. तीच आपली सोनोग्राफी. गुडघा पूर्ण दुमडून वाटीच्या वर यंत्र टेकवले की कूर्चा दोन उजळ रेघांमधील काळ्या पट्ट्यासारखी दिसते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हिशेब घालतो: शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे 1540 मीटर जातो, मग 3 मिलिमीटर जाडीच्या कूर्चेच्या दोन पृष्ठभागांवरून येणाऱ्या प्रतिध्वनींत अंतर किती? सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम चौपट. यंत्र तेवढेही टिपते! रोगाच्या आरंभी त्या रेघांची धार जाते, पट्टा धूसर होतो. पुढे तो पातळ होतो. गाऊटमध्ये तर कूर्चेच्या पृष्ठावर क्षार साचून वरची रेघ अधिकच ठळक व जाड दिसते.

परंतु ध्वनी हाडापलीकडे जात नाही. दोन हाडांत दबलेला भाग त्याला दिसत नाही, तो पाहावयाचा तर एमआरआय हवा. यंत्र किंचित तिरपे धरले तरी निरोगी रेघ पुसट दिसते. म्हणून यंत्राइतकाच तपासणाऱ्याचा हात महत्त्वाचा.

एका स्नेह्याने सुचविले की ट्रस्टने छोटे यंत्र विकत घेऊन लिंबायत, उधना येथील गल्ल्यांतून फिरवावे. लूमवर 12-12 तास उभे राहणारे आपले कितीतरी लोक तेथे आहेत, त्यामुळे हेतू उत्तम. पण गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या केंद्रीय कायद्याने (महाराष्ट्राने तर आपला कायदा 1988 मध्येच केला होता) अशी यंत्रे नोंदणीच्या व जागेच्या बंधनात आहेत. गुडघ्यासाठी म्हणून ती दारोदार नेता येत नाहीत. मला हे बंधन योग्य वाटते. गुडघ्याला चार पावले चालून जाता येते, न जन्मलेल्या मुलीला कोठे जाता येणार? तेव्हा नोंदणीकृत केंद्राशी बोलून गरजूंच्या तपासणीचा खर्च ट्रस्टने उचलावा, अशी माझी विनंती आहे.

निदान लवकर झाले तर काय करावयाचे? वजन उतरवावे आणि मांडीचे स्नायू बळकट करावेत. डॉक्टरांनी अम्मीला हेच सांगितले. आता ती रोज सकाळी पलंगाच्या कडेला बसून पाय सरळ करून धरते. दहा आकडे माझा धाकटा मुलगा मोजतो, आणि तो मुद्दाम सावकाश मोजतो अशी तिची तक्रार आहे.