उभा चेंडू आणि पळते मन



या व्यासपीठावर वेदान्त झाला, अर्थकारण झाले, नाट्यसंगीत झाले. आणि आज गोल्फ! कार्यक्रमपत्रिका वाचून आपल्यापैकी काहींना छापखान्याची चूक वाटली असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. गोल्फ म्हणजे साहेबाचा खेळ, अशी आपली समजूत. इंग्रजाने तो आणला हे खरेच. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे. आपल्याकडे पुण्याला आणि चेंबूरला तो आजही खेळला जातो. नाशिकला मात्र ‘गोल्फ क्लब’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर रणजी करंडकाचे क्रिकेट सामने होतात! नाव एकाचे आणि संसार दुसऱ्याचा, असा तो प्रकार आहे.

तरीही हा विषय मी हट्टाने घेतला. कारण माणसाचे मन त्याला कसे फसवते, हे दाखवणारा इतका स्वच्छ आरसा दुसऱ्या कोणत्या खेळात मला आढळला नाही. ज्यांना खेळायचे आहे त्यांना या व्याख्यानातून चार उपयोगी गोष्टी मिळतील. ज्यांना खेळायचे नाही त्यांनाही अगदीच रित्या हाताने परत जावे लागणार नाही, अशी आशा आहे.

प्रथम खेळाची ओळख. गोट्यांच्या खेळात आपण जमिनीत गल करतो, तसाच सव्वाचार इंच व्यासाचा एक खळगा. तो असतो तीनशे, चारशे, कधी पाचशे यार्डांवर. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅम वजनाचा. काठीने तो मारीत मारीत खळग्यात घालायचा आणि फटके मोजायचे. असे अठरा खळगे. प्रत्येक खळग्याला कुशल खेळाडूला किती फटके लागावेत याचा आकडा ठरलेला असतो. त्याला ‘पार’ म्हणतात. अठरा खळग्यांचा पार मिळून बहुधा ७२ होतो. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. झाला खेळ.

हे ऐकून आपण म्हणाल, यात अवघड ते काय? क्रिकेटमध्ये समोरून गोलंदाज धावत येतो. चेंडू वळेल की उसळेल याचा भरवसा नसतो. इथे चेंडू बिचारा गवतावर स्वस्थ बसलेला. त्याला कोणी फेकत नाही, आपला फटका कोणी अडवत नाही. सवडीने या, हवे तेव्हा मारा!

मित्रहो, अडचण नेमकी तिथेच आहे. क्रिकेटच्या फलंदाजाला विचार करायला वेळच नसतो, म्हणून त्याचे शरीर आपले काम करून मोकळे होते. गोल्फमध्ये वेळ वारेमाप. साधा हिशेब करू. चांगल्या खेळाडूचे एका फेरीत ८० फटके होतात असे धरा. एका फटक्याला फार तर दोन सेकंद. म्हणजे १६० सेकंद. तीन मिनिटेसुद्धा नाहीत! आणि फेरीला लागतात चार तास. उरलेल्या तीन तास सत्तावन्न मिनिटांत माणूस काय करतो? चालतो आणि विचार करतो. मागचा फटका चुकला त्याचे दुःख, पुढे तळे आहे त्याची धास्ती, शेजारचा जोडीदार काय म्हणेल त्याची लाज. चेंडू उभाच असतो; पळत असते ते मन. समर्थांनी मनालाच समोर बसवून २०५ श्लोक सांगितले, ते काही उगाच नाही.

तेव्हा आजच्या बोलण्याचे सूत्र असे : फटक्याच्या आधी ठरवा, मारताना फक्त मारा, आणि मारल्यावर सोडून द्या. हे तीन काळ एकमेकांत मिसळले की खेळ बिघडतो. आता ते एकेक करून घेऊ.

फटक्याच्या आधीची तयारी ही पूर्णपणे आपल्या हातातली गोष्ट. चेंडू कुठे जाईल याची हमी जगात कोणी देऊ शकत नाही. पण काठी कशी धरावी आणि उभे कसे राहावे, हे ठरवायला ना दैव लागते ना बळ. तिथे चुकलो तर दोष आपलाच. जॅक निकलॉस या अमेरिकन खेळाडूने १८ मोठ्या स्पर्धा जिंकल्या. तितक्या आजवर कोणी जिंकलेल्या नाहीत. पण हा मनुष्य नवा हंगाम सुरू होताना लहानपणच्या गुरूकडे, जॅक ग्राउटकडे जाई आणि पहिल्यापासून धडे घेई. जगज्जेता पुन्हा बाराखडी गिरवायला बसे! आपल्याला मात्र चार दिवसांत बाराखडीचा कंटाळा येतो.

ही बाराखडी चारच अक्षरांची आहे. पहिले अक्षर पकड. उजवखोऱ्याने डावा हात वर आणि उजवा खाली, दोन्ही एकमेकांना भिडवून, काठी तळव्यापेक्षा बोटांत अधिक धरावी. किती घट्ट? गर्दीच्या रस्त्यात लहान मुलाचे बोट धरतो तितकी. सुटताही कामा नये आणि दुखताही कामा नये. भ्यालेला माणूस काठी आवळतो. मनगटे ताठरतात, खांदे वर चढतात आणि फटका जागीच मरतो.

दुसरे अक्षर रोख. नवा खेळाडू चेंडूजवळ उभा राहून मान वळवून लांब बघतो, आणि तिथेच फसतो. चेंडूच्या मागे उभे राहून खळग्याची दिशा न्याहाळावी. त्याच रेषेवर चेंडूच्या पुढे हात-दोन हात अंतरावर एखादे वाळके पान, एखादा खडा हेरून ठेवावा आणि काठीचे तोंड त्याच्याकडे करावे. मग पावले त्या रेषेला समांतर ठेवावी. आगगाडीचे रूळ डोळ्यांसमोर आणा. पलीकडच्या रुळावर चेंडू, अलीकडच्या रुळावर आपली पावले. दोनशे यार्डांवर नेम धरण्यापेक्षा दोन हातांवर धरणे सोपे, हे सांगायला पंडित नको.

तिसरे अक्षर उभे राहणे. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे किंचित सैल, पाठीला पोक न काढता कमरेतून थोडे वाकलेले.

आणि चौथे अक्षर लय. आपण सारे झोपाळ्यावर बसलेलो आहोत. झोपाळा मागे जातो, क्षणभर थांबल्यासारखा होतो, आणि मग आपल्याच भाराने खाली येतो. त्या क्षणी कोणी मध्येच हिसका दिला तर काय होते, ते आपण जाणताच. काठी सावकाश मागे न्यावी आणि घाई न करता खाली येऊ द्यावी. फटका झाल्यावर चेंडू जमिनीवर पडेपर्यंत तोल सांभाळून उभे राहता आले, तर लय साधली असे खुशाल समजावे.

एक गोष्ट विसरू नका. ७२ फटक्यांच्या पारात ३६ फटके हे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलण्याचे धरलेले असतात. तीनशे यार्डांचा दणका आणि वीतभर अंतराची टिचकी, हिशेबात दोन्ही सारखीच! तरी सराव करताना सारे दणक्यामागे लागतात, कारण दणक्याला लोक टाळ्या देतात. रोज अर्धा तास असेल तर पंधरा मिनिटे टिचकीला द्यावी. खळगा दूर असला तर त्याच्याभोवती मोठ्या परातीएवढे रिंगण कल्पावे आणि चेंडू त्या रिंगणात नेण्याचेच पाहावे.

पण नुसती बाराखडी पाठ असून भागत नाही; काय लिहायचे ते ठरवावे लागते. १९९९ साली स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे ब्रिटिश ओपन स्पर्धा झाली. झाँ व्हान द व्हेल्ड हा फ्रेंच खेळाडू शेवटच्या खळग्यावर आला, तेव्हा तो तीन फटक्यांनी पुढे होता. पार चारचा, याला सहा लागले तरी करंडक याचाच. लहान काठीने तीन बेताचे फटके मारून कोणीही हिरवळ गाठली असती. त्याने सर्वांत लांब पल्ल्याची काठी उचलली. चेंडू भलतीकडे गेला, पण सुदैवाने बऱ्या जागी पडला. दैवाने एकदा सांभाळून घेतले तरी तो सावध झाला नाही. दुसरा फटकाही धाडसाचा. तो प्रेक्षकांच्या मंडपावर आदळून उंच गवतात आला. तिसरा ओढ्यात. बूट-मोजे काढून हा पाण्यात उतरला, तासभर वाटावा इतका वेळ विचार करीत उभा राहिला आणि शेवटी दंडाचा फटका पत्करून बाहेर आला. पुढचा वाळूच्या खड्ड्यात. सातव्या फटक्याला त्याने चेंडू खळग्यात घातला, तो मात्र मोठ्या धीराने. तिघांची बरोबरी झाली आणि निर्णायक खेळात पॉल लॉरी जिंकला. व्हान द व्हेल्डचे हात त्या दिवशी बिघडले नव्हते. त्या हातांनीच त्याला तीन फटक्यांची आघाडी मिळवून दिली होती. बिघडला तो निर्णय. ‘या क्षणी मला एवढेच पुरे’ असे म्हणणे माणसाला फार जड जाते, विशेषतः हजारो लोक बघत असताना.

आता तिसरा काळ, फटक्यानंतरचा. हा सर्वांत कठीण. इथे मी बॉबी जोन्सची गोष्ट सांगणार आहे.

जोन्स १९०२ साली अमेरिकेतील अटलांटात जन्मला. चौदाव्या वर्षी तो राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. हात सोन्याचे, पण डोक्यात निखारा. १९२१ साली, एकोणीस वर्षांचा असताना तो स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजला, म्हणजे गोल्फच्या पंढरीलाच, खेळायला गेला. तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ खळग्यांना ४६ फटके झाले. अकराव्या खळग्याजवळ चेंडू वाळूत रुतला, आणि या पोराने रागाच्या भरात स्पर्धाच सोडून दिली. त्याच वर्षी अमेरिकेत त्याने संतापाने भिरकावलेली काठी एका बाईच्या पायाला लागली. ‘राग आवरणार नसशील तर आमच्या स्पर्धांत खेळू नकोस,’ अशी समज त्याला मिळाली. सात वर्षे गुणांची कीर्ती मोठी, पण पदरात मोठी स्पर्धा एकही नाही.

मग तो बदलला. काठी धरण्याची रीत बदलली नाही, बदलला प्रतिस्पर्धी. समोरच्या माणसाशी झुंजणे सोडून तो पारशी खेळू लागला. पार हा जणू एक शांत म्हातारा. तो कधी चमत्कार करीत नाही, पण कधी चुकतही नाही आणि चिडत तर मुळीच नाही. १९२३ साली जोन्सने अमेरिकन ओपन जिंकली. १९२५ साली त्याच स्पर्धेत, फटक्याची तयारी करताना गवतातला त्याचा चेंडू किंचित हलला. कोणी पाहिले नव्हते. पंचांना खात्री नव्हती. त्याने आपणहून दंडाचा एक फटका मांडून घेतला. अखेर त्याची बरोबरी झाली आणि निर्णायक खेळात तो एका फटक्याने हरला! लोक वाहवा करू लागले, तेव्हा त्याला ती रुचली नाही. बँक लुटली नाही म्हणून कोणाचा सत्कार करतात काय, असा त्याचा सवाल होता. १९२७ साली, ज्या सेंट अँड्र्यूजला तो मैदान सोडून निघून गेला होता, तिथेच त्याने ओपन जिंकली. आणि १९३० साली एका वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकून, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांतून निवृत्त झाला.

माझे स्वतःचे सांगण्यासारखे फार नाही. मी बेतास बात खेळणारा माणूस आहे. पण एका सकाळी माझा चेंडू तळ्यात गेला. मी काठी जमिनीवर आपटली आणि सोबतच्या कॅडी-पोरावर उगाच खेकसलो. थोडे पुढे जाऊन दुसराही फटका चुकला, तिसराही चुकला. तो पोरगा निमूटपणे पिशवी वाहत होता. शेवटी म्हणाला, “साहेब, चेंडू तळ्यात गेला तो गेला. तुम्ही कशापायी त्याच्यासंगं बुडताय?” मला उत्तर सुचले नाही. त्या दिवशी मी त्याची क्षमा मागायला हवी होती, मागितली नाही. फेरीचे आकडे मी विसरलो, ते वाक्य विसरलो नाही. अशाच एका कॅडीने, दिल्लीच्या अली शेरने, १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू तो. खांद्यावर दुसऱ्याची पिशवी घेऊन चालताना ही पोरे बरेच काही पाहत असतात, आणि साहेबांचे राग-लोभही पाहत असतात.

तेव्हा एक साधा नियम करावा. वाईट फटक्याबद्दल हळहळायचे ती दहा पावले. अकराव्या पावलाला पुढच्या चेंडूचा विचार. चांगल्या फटक्यालाही हाच नियम. कारण कौतुकाची धुंदीसुद्धा पुढचा फटका बिघडवते.

जोन्सला पुढे पाठीच्या कण्याच्या असाध्य दुखण्याने गाठले. १९५८ साली सेंट अँड्र्यूजने त्याला आपल्या शहराचे सन्मान्य नागरिकत्व दिले, तेव्हा त्याला धड चालताही येत नव्हते. काठी फिरवणारे ते हातपाय गेले होते. ज्या गावात एकोणिसाव्या वर्षी त्याने राग दाखवला, त्याच गावाने छप्पन्नाव्या वर्षी त्याला आपला म्हटले. त्या सभागृहात जमलेल्या लोकांना त्याचे फटके आठवत होतेच. पण त्यांनी उठून मान दिला तो त्या फटक्यांमागच्या माणसाला.

गीता सांगायला मी उभा नाही. तो अधिकार माझा नव्हे. एवढेच म्हणेन की नीट धरावे, नीट उभे राहावे, आपल्या बेताचे ठरवावे, मोकळ्या मनाने मारावे आणि मारलेले सोडून पुढे चालू लागावे. चेंडू कुठे पडेल ते चेंडू जाणे.