अंथरुणावरचे माणूस आणि कायदा
(पक्षाच्या कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजारी माणसाच्या देखभालीसाठी घरी पगारी माणूस ठेवणे ही एके काळी सुखवस्तूंची गोष्ट होती. आता तशी राहिलेली नाही. चाळीतल्या दोन खोल्यांत पक्षाघाताने खिळलेला निवृत्त गिरणी कामगार असतो, मुलगा आणि सून दोघेही सकाळची गाडी धरून कामावर जातात, आणि मधल्या दहा-बारा तासांसाठी ब्युरोकडून कोणी मावशी किंवा मामा येतो. एके दिवशी अंग पुसताना सुनेला दंडावर बोटांचे काळेनिळे वळ दिसतात. ओठ सुकलेले असतात, कारण वारंवार कपडे बदलावे लागू नयेत म्हणून दिवसभर पाणीच दिलेले नसते. म्हाताऱ्याची वाचा गेलेली असते. तो काही सांगू शकत नाही.

अशी तक्रार कार्यालयात आली की कार्यकर्ता घुटमळतो. त्याचे घुटमळणे अप्रामाणिक नसते. त्याच कार्यालयात घरकामगार बायांची सभा भरते, आणि चोरीचा आळ हे मालकाचे किती जुने हत्यार आहे हे त्याला ठाऊक असते. चोवीस तासांची पाळी, झोपायला स्वयंपाकघरातील फरशी, आणि पगारातून ब्युरोची कात्री; ही देखभाल करणाऱ्या बाईची कहाणीही खरीच असते. परंतु शोषितालाही दुसऱ्याचे शोषण करता येते, हे मान्य करण्यात समाजवादाला कमीपणा नाही. ज्याला कूससुद्धा स्वतःहून बदलता येत नाही, त्या खोलीत त्याच्याहून दुबळा कोण?

ह्या प्रश्नावर कायद्याचा इतिहासच काही सांगतो. १८६० च्या दंडसंहितेत सेवेचा करार मोडणाऱ्यास शिक्षा देणारी तीन कलमे होती. त्यांपैकी ४९० आणि ४९२ ही मजुराला मालकाशी जखडून ठेवणारी कलमे १९२५ साली रद्द झाली, आणि ते योग्यच झाले. मधले ४९१ मात्र टिकले, कारण ते मालकासाठी नव्हते; कोवळे वय, वेड, रोग किंवा शारीरिक दुर्बलता ह्यांमुळे असहाय झालेल्या माणसाच्या शुश्रूषेचा करार करून ती जाणूनबुजून न करणाऱ्यासाठी ते होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ३५७ म्हणून आले आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वीचा दंड दोनशे रुपयांचा होता! पोलीस ठाण्यात हे कलम क्वचितच कोणाला आठवते.

अडचण अशी की हा गुन्हा अदखलपात्र आहे. साधी दुखापत, म्हणजे कलम ११५ (२), तीही अदखलपात्रच. ठाण्यात नोंद होते, कागद हाती मिळतो, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास होत नाही. म्हणून घडलेले सर्व प्रथमच सांगणे अगत्याचे आहे. बाहेरून कडी लावून माणसाला कोंडले असेल, तर तो अवैध बंदिवास दखलपात्र आहे. हाड मोडले असेल, तर ती गंभीर दुखापत दखलपात्र आहे. नोकराने केलेल्या चोरीला कलम ३०६ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. एक गुन्हा दखलपात्र असला की बरोबरचे अदखलपात्र गुन्हेही त्याच तपासात येतात. ठाणे अंमलदाराने नोंद नाकारली, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहावे, आणि तेथेही काही झाले नाही, तर दंडाधिकाऱ्याकडे जावे. साठ वर्षांवरील पुरुषाला, कोणत्याही स्त्रीला, दिव्यांगाला किंवा तीव्र आजारी माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी आले पाहिजे. हा हक्क घरच्यांना बहुधा माहीत नसतो.

रुग्ण दिव्यांग असेल, तर २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा अधिक कडक आहे. दिव्यांगाचा ताबा असताना त्याला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारणाऱ्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शेजाऱ्यालाही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळविता येते. दिव्यांगांना आणि स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळकतीची अट न लावता मोफत मिळतो. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा मात्र मुख्यतः मुलांनी व वारसांनी पोसावे म्हणून आहे. पगारी माणसाच्या छळाला तो फारसा भिडत नाही. घरपोच देखभाल देणाऱ्या संस्थांवर नियम घालू पाहणारे दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले, आणि २०२४ साली सभागृहाची मुदत संपताच ते बारगळले.

खरा निसटणारा पक्ष आहे तो ब्युरो. अंगणवाडीच्या पोरालाही ओळखीवाचून कोणाच्या हाती देत नाहीत, आणि येथे कसलेही प्रशिक्षण नसलेल्या माणसाला ‘नर्स’ म्हणून पाठविले जाते. त्याच्यावर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चालतो. बाईला घरच्यांनी थेट ठेवले असेल, तर तो व्यक्तिगत सेवेचा करार ठरतो आणि ग्राहक आयोगाचे दार बंद होते. ब्युरोने पैसे घेऊन माणूस पाठविला असेल, तर सेवेतील त्रुटीसाठी भरपाई मागता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. म्हणून पावती हवी. ब्युरो ती देण्याचे टाळतो, ते उगाच नव्हे.

पुरावा पहिल्या दिवसाचा उपयोगी. डॉक्टरकडून जखमांची तारखेसह नोंद करून घ्यावी. कॅमेऱ्याचे चित्रण असेल, तर मूळ यंत्र जपून ठेवावे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. आणि एक पथ्य अवश्य पाळावे. रागाच्या भरात बाईला मारणे, कोंडणे, तिचे आधारकार्ड किंवा केलेल्या दिवसांचा पगार अडविणे, हे होऊ देऊ नये. पगार चुकता करून तिला घराबाहेर करावे, आणि मग तक्रार लिहावी. तिचीही बाजू ऐकणारा कोणी तरी हवा. तो दुसरा कार्यकर्ता असावा, तोच नव्हे.

तातडीसाठी ११२, ज्येष्ठांसाठी १४५६७. कलम ३५७ आणि साधी दुखापत ह्यांची दखल घेण्यास न्यायालयाला एका वर्षाची मुदत आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची. वर्ष रुग्णाच्या औषधपाण्यात केव्हाच निघून जाते.