कथा आपली, कॅमेरा कुणाचा?

(गोंदिया येथे युवकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अण्णाभाऊ साठेंची जयंती आली की वक्ते दीड दिवसाची शाळा सांगतात आणि मोकळे होतात. दीड दिवस शाळेत गेला अन् साहित्यिक झाला, वा! जसा काही चमत्कारच. चमत्कार म्हटलं की एक सोय होते. पोरगं शाळेबाहेर का पडलं, हे कुणी विचारत नाही. म्हणून मी आज अण्णाभाऊंच्या सिनेमावर बोलणार आहे.

१ ऑगस्ट १९२० ला वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेला हा पोरगा बापासोबत पायी चालत मुंबईत आला. ओझी उचलली, गिरणीत राबला. अक्षरं शिकला ती दुकानांच्या पाट्यांवर आणि सिनेमाच्या पोस्टरांवर, असं सांगतात. म्हणजे भिंतीवरचा सिनेमा हीच त्याची शाळा.

पुढं ह्याच माणसाच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. १९६१ ला ‘वैजयंता’, दिग्दर्शक गजानन जागीरदार. १९६३ ला ‘फकिरा’, दिग्दर्शक कुमार चंद्रशेखर. ‘फकिरा’ म्हणजे तीच कादंबरी, जी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिला १९६१ ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. पडद्यावर फकिरा भुकेल्यांसाठी धान्य लुटत होता, आणि फकिराला जन्म देणारा घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहत होता. १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले, गरिबीतच गेले. ‘वारणेचा वाघ’ त्यानंतर, १९७० ला पडद्यावर आला.

दिग्दर्शक वाईट होते असं मी म्हणत नाही. जागीरदार मोठा कलावंत. प्रश्न माणसांचा नाही, मालकीचा आहे. गोष्ट मांगवाड्याची, घाम मांगवाड्याचा. पण भांडवल, स्टुडिओ, वितरण, थेटर? कुठला शॉट ठेवायचा अन् कुठला कापायचा, हे ठरवणारी खुर्ची? त्या खुर्चीत अण्णाभाऊ कधीच नव्हते.

‘फकिरा’ १९६३ चा. ‘फँड्री’ २०१३ चा. मधे पन्नास वर्षं! जेऊरचा, वडार समाजातला नागराज मंजुळे. आधी कवी, मग ‘पिस्तुल्या’ हा लघुपट, मग ‘फँड्री’. त्यात जब्याच्या घरचे डुक्कर बांधून नेतात, आणि मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. कुणी भाषण करत नाही. ती चौकट कुठं लावायची हे ज्याला कळलं, त्यानं ते जगलेलं होतं. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे थेटरात मजेत बसलेल्यांवर. ही खुर्ची दुसऱ्याकडं असती तर तो दगड शेवटपर्यंत पोचला असता का? पुढं २०२२ ला ह्याच माणसानं ‘झुंड’ काढला. आपल्या नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं त्यानं मोठ्या पडद्यावर नेली.

आता आपल्या जिल्ह्याचं बोलू. झाडीपट्टीची नाटकं तुम्ही रात्र रात्र बसून पाहिलीत. दिवाळी ते होळी, धान घरात आलं की तंबू लागतात, गावोगाव तिकिटं फाटतात. मुंबई-पुण्याच्या परवानगीवाचून ही रंगभूमी आपल्या प्रेक्षकाच्या पैशावर उभी आहे. हे फार मोठं शिकवणं आहे, दोस्तांनो. प्रेक्षक इथंच आहे. पण त्या तंबूत तेंदूपत्ता तोडणारी बाई नायिका म्हणून किती वेळा आली? राइस मिलमध्ये पोती वाहणारा हमाल?

मोबाईल आज खिशात आहे, म्हणून कॅमेरा आपला झाला असं समजू नका. रील काढणं आणि सिनेमा काढणं ह्यात गोष्टीचा फरक असतो. आधी लिहा. आजीला विचारा, बिडीच्या हजारीला काय मिळायचं. ते कागदावर उतरवा, चारजण मिळून चित्रित करा, कापायलाही आपणच बसा. मग १४ एप्रिलला वस्तीत चादर बांधा आणि दाखवा. वस्तीला नाही पटलं तर पुन्हा करा.

अण्णाभाऊंना पोस्टरवरून अक्षर मिळालं. आपल्याला तर शाळाही मिळाली, बाबासाहेबही मिळाले. मग दुसऱ्यानं आपली गोष्ट सांगावी म्हणून वाट कशाला बघायची?

जय भीम.