सुभेदार रामजी सकपाळ : एका पेन्शनर पित्याचे स्मरण



२ फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन होय. १९१३ साली याच दिवशी मुंबईत त्यांचा अंत झाला. ते बौद्ध नव्हते. ते कबीरपंथी होते; मद्यमांस त्यांना वर्ज्य होते आणि ते मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करवून घेत. मग बौद्धांच्या सभेत त्यांचे स्मरण कोणत्या नात्याने करावयाचे? हा प्रश्न एकट्या रामजींपुरता नाही. दीक्षा घेतलेल्या बहुतेक घरांत असा एखादा आजा किंवा बाप होऊन गेलेला असतो, की जो अखेरपर्यंत जुन्याच देवांना हात जोडीत राहिला. आपण श्राद्ध सोडले, पिंडदान सोडले. बावीस प्रतिज्ञांचा तो आदेशच आहे. परंतु श्राद्धाबरोबर तो माणूसही सोडावयाचा काय?

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील लष्करात, सासरे मुरबाडकर सुभेदार-मेजर. त्या काळी गावच्या शाळेचे दार आमच्यासाठी बंद होते, परंतु पलटणीत शिपायांच्या मुलाबाळांस शिकणे भागच होते. त्यामुळे या घराण्यातील स्त्रियांनाही अक्षरओळख होती. रामजी स्वतः चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. १८९१ साली महू येथे त्यांना चौदावे अपत्य झाले, ते भीमराव. चौदांपैकी पाचच मोठी झाली. पुढच्याच वर्षी सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या एका दारातून आपला समाज बाहेर पडला होता, तेच दार लागले. रामजी निवृत्त होऊन दापोलीस व तेथून साताऱ्यास आले. तेथे भीमाबाई वारल्या, आणि मुलांचे संगोपन रामजींच्या भगिनी मीराबाई यांनी केले.

सुभेदारीचा मान छावणीच्या फाटकाबाहेर किती चालत असे, हे १९०१ साली मुलांना कळले. रामजी तेव्हा दुष्काळी कामावर गोरेगाव येथे खजिनदार होते. त्यांना भेटावयास निघालेली मुले मसूर स्टेशनात उतरली. त्यांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. जात कळताच मागे सरला. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली ती मुलांनी स्वतःच हाकावयाची, या अटीवर. आणि रात्रभर कोणी पाणी दिले नाही.

मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत हे कुटुंब राहिले. दोन मुलांना हायस्कुलात ठेवणे पेन्शनीत बसेना. तेव्हा आनंदरावांचे शिक्षण थांबले व ते नोकरीस लागले. भीमरावांना पुस्तक हवे झाले की रामजी विवाहित मुलींच्या घरी जात. एकीकडे पैसे नसले तर दुसरीकडे. पैसे नसल्यास दागिना मागून तो गहाण टाकीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत करीत. पित्याचा त्याग आपण आवर्जून सांगतो. परंतु त्या लेकींचा अंगावरचा दागिना, थोरल्या भावाची बंद झालेली शाळा आणि मीराबाईंचे कष्ट हेही त्याच शिक्षणाच्या जमाखर्चात मांडले पाहिजेत. माझ्या मते बाप एकटा कोणालाच शिकवीत नाही.

रामजी देवमाणूस होते असे मी म्हणणार नाही. घरात त्यांचा शब्द अखेरचा असे. त्यांनी दुसरे लग्न केले, ते लहानग्या भीमरावांस रुचले नाही. ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी गाणारे व शूद्र-अस्पृश्यांना हीन लेखणारे हे ग्रंथ आम्ही का वाचावे, असे मुलाने विचारले तेव्हा असले प्रश्न विचारू नयेत असे म्हणून प्रथम त्यांनी त्याला गप्प केले. परंतु काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि अखेर बापाने उत्तर दिले : आपण अस्पृश्य, तुझ्या मनात न्यूनगंड येईल, द्रोण, कर्ण, वाल्मीकी हेही लहान कुळांतूनच मोठे झाले, हे तुला कळावे म्हणून. मुलाचे समाधान झाले नाही. ही सारी हकीकत बाबासाहेबांनी ६ एप्रिल १९५६ च्या आपल्या प्रस्तावनेत स्वतः लिहिली आहे, आणि ती दीक्षेच्या वर्षी लिहिली, हे ध्यानात घ्यावे. मुलाच्या सत्काराची कल्पना निघाली तेव्हा पोर शेफारेल म्हणून रामजी नाखूश होते; त्यांची समजूत घातली ती त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी. त्याच सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती ठेवले. ते वाचून मुलाने बापाला प्रश्न केला : हे तुम्ही आम्हांला आधी का दिले नाही?

ज्या बापाने तो प्रश्न ऐकून घेतला, त्याचे नाव आपल्या घरांत घेण्यास संकोच कशाचा?

१९१३ च्या आरंभी भीमराव बडोद्यास नोकरीवर होते. वडील आजारी असल्याचे कळताच ते निघाले. वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून सुरतेस उतरले आणि गाडी चुकली. ते घरी पोचले तेव्हा रामजींची नजर त्यांनाच शोधीत होती. त्याच वर्षीच्या जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले. दहा वर्षांनी, १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला, आणि अर्पण करताना त्या दोघांच्या धर्माचा नव्हे, तर आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या झीजेचा उल्लेख केला.