बंदूक कुणाची काढून घेतात?

(युवक अभ्यासवर्गातलं भाषण)



भाषणाची आपल्याला सवय नाही. पाळी संपवून सरळ गोदीतून आलोय. अंगाला खताच्या गोण्यांचा वास येत असंल तर सोसून घ्या.

विषय दिलाय असा : वादळ आलं, पूर आला, आणीबाणी पुकारली, तर माणसाची बंदूक सरकारनं काढून घ्यावी का? सवाल अमेरिकेतला. तिथं बंदूक बाळगणं घटनेतला हक्क आहे. आपल्याकडं लायसन, म्हंजे साहेबाची मर्जी. तेव्हा आधी तिकडंच जाऊ.

न्यू ऑर्लीन्स. मिसिसिपीच्या काठचं बंदर. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळ आलं, बांध फुटले, शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्यात गेला. मोटारवाले आधीच पळाले होते. मागं राहिले ते बहुतेक गरीब, आणि त्यात बहुतेक काळे. तहानेनं माणसं मरायला टेकली होती आणि टीव्हीवर एकच बोंब : लूट! लूट!

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोलीसप्रमुखानं जाहीर केलं, आता हत्यार फक्त पोलिसांकडं राहील. घरात घुसून बंदुका उचलल्या. कायदेशीर आहे का, कुणी विचारलं नाही. अनेकांना साधी पावती नाही. धनदांडग्यांनी आणि कंपन्यांनी नेमलेले खाजगी शिपाई मात्र रायफली घेऊन मोकळे फिरत होते. त्यांना हुकूम लागू नव्हता!

बंदूकवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २३ सप्टेंबरला फेडरल कोर्टानं जप्ती रोखली. आमच्याकडं बंदुका नाहीतच, असं आधी म्हणणाऱ्या शहराच्या ताब्यात २००६ मध्ये हजारावर बंदुका निघाल्या. त्याच वर्षी अमेरिकी संसदेनं कायदा केला : आपत्तीच्या काळात कायदेशीर बंदूक जप्त करायची नाही. बचावाच्या बोटीत, गाडीत चढताना तात्पुरती ठेवून घ्या, पण परत द्या.

ठीक. हक्क शाबूत राहिला. पण कुणाचा?

त्याच दिवसांत शहराच्या अल्जियर्स पॉइंट भागात गोऱ्यांनी रस्त्यांवर अडसर घातले आणि बंदुका घेऊन पहारा बसवला. जीव वाचवायला निघालेल्या काळ्या पोरांवर तिथं गोळ्या झाडल्या. त्या पहारेकऱ्यांतल्या एकाला शिक्षा झाली ती २०१९ साली. नदीवरच्या पुलानं चालत बाहेर पडणाऱ्या लोकांना पलीकडच्या ग्रेटना गावच्या पोलिसांनी डोक्यावरून गोळ्या झाडून परतवलं.

आणि डॅन्झिगर पूल. ४ सप्टेंबर. पोलिसांनी निःशस्त्र काळ्या माणसांवर गोळीबार केला. १७ वर्षांचा एक पोरगा मेला. ४० वर्षांचा एक मतिमंद माणूस पाठीत गोळ्या लागून मेला. चार जखमी. मग पोलिसांनी काय केलं? एका सार्जंटनं स्वतःच्या घरातलं रिव्हॉल्व्हर आणलं आणि ते पुलाजवळ सापडलं म्हणून पुराव्यात दाखल केलं. बघा, कशी गंमत आहे. ज्या शहरात माणसाच्या घरातली बंदूक उचलत होते, त्याच शहरात निःशस्त्र माणसाच्या नावावर बंदूक चढवत होते. पाच पोलिसांनी कोर्टात गुन्हा कबूल केला तो २०१६ मध्ये. ३ ते १२ वर्षांच्या शिक्षा झाल्या.

बंदूकवाल्यांच्या संघटनांनी जप्तीच्या खटल्यात रान उठवलं. या पुलासाठी तसं रान त्यांनी उठवलेलं मला कुठं वाचायला मिळालं नाही.

हे एका वादळाचं नाही. गुलामी सुटली त्या १८६५ सालीच लुइझियानात नियम झाले, की मालकाच्या परवानगीशिवाय काळ्यानं बंदूक बाळगू नये. १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बॉम्ब पडला. त्यानं परवाना मागितला, मिळाला नाही. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. तोवर ते कायद्यात बसत होतं. त्याच वर्षी कायदाच बदलला, सही गव्हर्नर रेगनची.

त्या पँथरवरून १९७२ मध्ये मुंबईत आपल्या लोकांनी नाव घेतलं. नाव घेतलं, बंदूक नाही. मीही मागत नाही. वस्तीत बंदूक आली की ती पहिल्यांदा दारूच्या गुत्त्यावर आणि बायकोवर उगारली जाईल, हे मला ठाऊक आहे.

पण आपल्या देशात एक नियम पडून आहे, तो किती जणांनी वाचलाय? अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम ३ : जिथं अत्याचाराचा धोका आहे अशी क्षेत्रं सरकारनं ठरवायची. गरज वाटली तर तिथल्या बिगर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि गरज वाटली तर आपल्या माणसांना संरक्षणासाठी परवाने द्यायचे. शेवटचं राहू द्या. पहिलं कुठं झालंय? निवडणूक आली की हेच पाटील-सरपंच मुकाट्यानं बंदुका पोलीस स्टेशनात जमा करतात. मतपेटीला धोका आहे म्हणून जमतं. वस्ती पेटते तेव्हा का जमत नाही?

गावात बहिष्कार पडला, पाणी तोडलं, पीक जाळलं, ही आपली आपत्ती. ती कुणी जाहीर करत नाही, एवढाच फरक.

तर मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून आणलाय. तीनच प्रश्न : जिल्ह्यात अशी क्षेत्रं कोणती ठरवलीत, नियम ३ खाली किती परवाने रद्द केले, किती हत्यारं जमा झाली. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यायला लागतं. बारा प्रती आहेत. ज्याचं गाव ज्या जिल्ह्यात, त्यानं त्या कलेक्टर कचेरीत टाकायचा. जाताना दाराशी घेऊन जा.